‘श्यामची आई’ वर्गात घेताना नाटक बसवू नका, गोष्ट अडवा

चौथीचा ३८ मुलांचा वर्ग, या सत्रात ‘श्यामची आई’ घ्यायची आहे, नाट्यउपक्रम वापरायची इच्छा आहे. पण सुरुवात कुठून करू, लाजऱ्या मुलांचं काय करू आणि शेवटी स्नेहसंमेलनात वीस मिनिटांचं नाटक बसवता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. माझीही घसरली होती.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी याच पुस्तकातले चार प्रसंग घेऊन नाटक बसवलं. एक गोड आवाजाची मुलगी आई झाली, एक हजरजबाबी मुलगा श्याम झाला, सहा जण ‘शेजारी’ आणि उरलेला वर्ग दीड महिना बाकांवर बसून त्यांची तालीम बघत राहिला. कार्यक्रमात आया डोळे पुसत होत्या, मला नारळ मिळाला. आठवड्याने वर्गात सहज विचारलं, पोहायला जायची वेळ आली तेव्हा श्याम का लपला? आईची भूमिका केलेल्या मुलीने तिचं पाठ वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं. श्यामला कसली भीती वाटत होती, हे मात्र कोणालाच सांगता येईना. पुस्तक आमच्या हातून निसटलं होतं, संवाद तेवढे उरले होते.

तेव्हापासून मी एकच पथ्य पाळते. पुस्तकात जे लिहिलेलं आहे ते मुलांकडून करून घ्यायचं नाही. पुस्तक जिथे गप्प बसतं तिथे गोष्ट अडवायची आणि मुलांना आत सोडायचं.

‘श्यामची आई’त अशा गप्प जागा भरपूर आहेत, कारण तिची घडणच तशी आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो आणि अशा ४२ रात्री होतात. म्हणजे आपल्याला सगळं ऐकू येतं ते श्यामच्या तोंडून, तेही कित्येक वर्षांनी, आई गेल्यानंतर. आईच्या मनात त्या क्षणी काय होतं, भाऊंच्या, म्हणजे वडिलांच्या मनात काय होतं, शेजारपाजारचे काय कुजबुजले, हे श्यामला जेवढं कळलं तेवढंच. शिवाय बहुतेक रात्रींच्या शेवटी तात्पर्य येतं. मुलं ते ऐकतात, माना डोलावतात आणि गोष्ट मिटते. म्हणून वाचताना तात्पर्याच्या आधीच थांबायचं. पुस्तक मिटून पोटाशी धरायचं आणि म्हणायचं, ‘आता उठा.’

सगळ्या रात्री घेऊ नका, सहा-सात पुरतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे लेखनावरचे हक्क केव्हाच संपले आहेत. निवडलेल्या प्रकरणांच्या प्रती काढून दर दोघांत एक द्या. मुलांच्या हातात पुस्तक नसेल तर यातलं काहीच जमणार नाही. आणि एक विनंती, आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट आधी दाखवू नका. तो राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट, मला स्वतःला फार आवडतो. पण तो पाहिला की मुलांच्या डोळ्यांत एकच आई बसते आणि मग ती हलत नाही. सगळं झाल्यावर दाखवा, मुलं भांडत बघतील.

पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसंच मनालाही जप, हे आईचं सांगणं ज्या प्रसंगात येतं तो ‘थोर अश्रू’ही मी नाट्यासाठी घेत नाही. ते वाक्य निम्म्या शाळांच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. उत्तर आधीच ठाऊक असलं की मुलं शोधत नाहीत, बाईंना खूश करतात.

पहिली तासिका घरावर घालवा. बाक भिंतीला लावा, जमिनीवर खडूने कोकणातलं घर आखा. मुलांनी प्रतींमधून शब्द हुडकायचे, ओटी, पडवी, माजघर, विहीर, आणि कुठे काय असेल ते ठरवायचं. शहरातल्या मुलांना पडवी म्हणजे काय हे नुसतं सांगून कळत नाही. चार पोरं तिथे दाटीवाटीने बसली की कळतं. घर आखून झालं की माझा एकच प्रश्न असतो. पाहुणे आले, आता कोण कुठे जाऊन उभं राहील? भाऊ ओटीवर जातात. श्याम दारात घुटमळतो. आई झालेल्या मुली, एका वेळी तिघी-चौघी असतात, न सांगता आत स्वयंपाकघराकडे सरकतात. मग कोणीतरी विचारतंच, ‘बाई, आईला ओटीवर यायची परवानगी नव्हती का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी देऊ नका. खडूचं घर तसंच राहू द्या, पुढचे सगळे प्रसंग त्यातच घडवायचे आहेत. झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा. माझं घर एकदा सकाळी गायब झालं होतं.

आता ‘अळणी भाजी’. अठरावी रात्र. मला विचाराल तर प्राथमिक वर्गासाठी नाट्याच्या दृष्टीने आख्ख्या पुस्तकात याच्याइतकं सोनं दुसरीकडे नाही, कारण यात घडत काहीच नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते. भाऊ अवाक्षर काढत नाहीत, ते बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. सगळे जेवून उठतात, आई आपलं पान घेते, पहिला घास तोंडात घालते आणि तिला कळतं. बस, एवढंच.

वाचताना मी भाऊंच्या पहिल्या घासापाशी थांबते. सहा-सहांचे गट, प्रत्येक गटाची एक पंगत. घास तोंडाशी गेला की ‘स्टॅच्यू!’ हा खेळ मुलांना शिकवावा लागत नाही. सगळ्या पंगती गोठल्या की मी एकेकाच्या खांद्याला हात लावत फिरते. हात लागला की मनातलं एकच वाक्य मोठ्याने बोलायचं, हात काढला की पुन्हा पुतळा. पहिल्या फेरीत हमखास ‘शी, अळणी!’ येतं, वर्ग हसतो, हसू द्या. दुसऱ्या फेरीत मी नियम बदलते: आता भाजीबद्दल बोलायचं नाही, पंगतीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलायचं. इथे वर्ग शांत होतो. ‘भाऊ माझ्याकडे बघतायत, म्हणजे मी बोलायचं नाही.’ ‘आई वाट बघतेय कुणीतरी छान म्हणेल म्हणून.’ एका वर्षी एक एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगा म्हणाला, ‘आता आईने खाल्ल्यावर तिला वाटेल, आम्ही सगळे मिळून तिच्याशी खोटं बोललो.’ मी इतकी वर्षं ही गोष्ट वाचत होते, मला ते सुचलं नव्हतं.

मग दुसरं चित्र. पंगत उठली आहे, आई एकटी पानावर. वाढायला कोणी नाही, बोलायला कोणी नाही. बाकीचा वर्ग गोल करून बघतो. आई झालेलं मूल घास घेतं आणि थांबतं. विचारा, घरातले बाकीचे आता कुठे असतील? त्यांना खडूच्या घरात जाऊन उभं राहू दे. कोणी ओटीवर, कोणी विहिरीपाशी, कोणी दाराआडून बघत. नुसतं अंतर बघून मुलं बोलायला लागतात. आणि ‘आई शेवटी का जेवते?’ हा प्रश्न इथे येतोच, तुम्ही नाही विचारलात तरी. पुढे ‘तुमच्या घरी कोण शेवटी जेवतं?’ इतपत जायला हरकत नाही, पण हात वर करून जाहीर उत्तरं घेऊ नका. घरून बघून या, एवढंच सांगा.

त्यानंतर पुस्तक उघडून शेवट वाचा. न बोलता जेवणारे भाऊ थोर की अळणी भाजी वाढली गेली म्हणून हळहळणारी आई थोर, असा काहीसा विचार तिथे गुरुजी मांडतात. तोवर मुलांची स्वतःची मतं झालेली असतात. माझ्या एका वर्गाने सरळ सांगितलं, दोघंही नाही, आधीच सांगितलं असतं तर आईनेही मीठ घालून खाल्ली असती. आम्ही तसंही करून पाहिलं. श्यामने भाऊंकडे न बघता ‘आई, मीठ?’ म्हणायचं. सात जणांनी सात सुरांत म्हटलं. एकाच शब्दाने आई दुखावते, हसते किंवा धावत मिठाचं भांडं आणते, हे त्यांनी कानांनी ऐकलं. भाऊ का गप्प राहिले असतील ते मग कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

‘श्यामचे पोहणे’ याच्या उलट आहे, तिथे धावपळ आणि रडारड आहे. विहिरीत उडी मारायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारून पाठवते; पुढे तिचं म्हणणं असं की माझ्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये. मारण्याचा प्रसंग मुळीच करू देऊ नका, पुतळ्यांतसुद्धा नाही. मुलांना तो फार मजेचा वाटतो आणि तिथेच गोष्ट संपते. त्याऐवजी संध्याकाळ घ्या. श्याम पोहून आला आहे, अंगावर वळ आहेत, आई घरात आहे. आता खुर्ची मांडा.

या खुर्चीला आमच्याकडे ‘उत्तराची खुर्ची’ म्हणतात. त्यात बसणारा गोष्टीतला माणूस, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. सुरुवातीला आईच्या खुर्चीत मुलांना बसवू नका, तुम्ही बसा. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरायचं, ही डोरोथी हीथकोट या इंग्लंडमधल्या नाट्यशिक्षिकेची पद्धत. अभिनय येत नाही म्हणून पुष्कळ जण कचरतात, पण इथे अभिनय लागत नाही. मी खांद्यावर एक जुनी शाल घेते. शाल आहे तोवर मी आई, काढली की बाई. आवाज बदलायचा नाही, रडायचं तर अजिबात नाही. एक करा: सगळं सांगून टाकू नका. ‘तुम्ही त्याला का मारलंत?’ म्हटल्यावर उत्तर पाठ असल्यासारखं द्यायचं नाही. मी म्हणते, ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? सगळी मुलं पाण्यात, माझाच माळ्यावर.’ मुलं भांडतात, सुचवतात, एखादी म्हणते मी त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत गेले असते. एकदा एका मुलाने विचारलं, ‘मारताना तुमचा हात दुखला का?’ मी खरंच गप्प झाले. ते चाललं. आईलाही उत्तर नसतं कधी कधी.

शाल काढल्यावर मात्र बाई म्हणून स्पष्ट बोला. मुलांना मारणं आज शाळेत कायद्याने बंद आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं कलम आहे. श्यामच्या काळात ते सर्रास होतं, आणि एखादी चांगली आईसुद्धा अशी गोष्ट करू शकते जी आपल्याला पटत नाही, हे चौथीतल्या मुलांना कळतं. फक्त त्यांना ते म्हणायची मुभा हवी. पुस्तकाचा मान राखायचा म्हणजे त्याला प्रश्नच विचारायचे नाहीत, असं आपल्याकडे उगाच समजतात.

पंचविसाव्या रात्रीबद्दल जरा सावकाश सांगते. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडली आहे. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची, म्हणून कोणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. प्रसंग टाळू नका. पण इथे भूमिका वाटणं हीच सगळ्यात मोठी चूक. म्हातारी कोण होणार? कोणाचंही नाव घेतलंत तरी वर्गात, मैदानावर, घरी त्याचा अर्थ लावला जातो. ज्या मुलाच्या वाट्याला हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला आहे त्याला तो पुन्हा वर्गासमोर करायला लावणं मला मान्य नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याची नक्कल करणं तर त्याहून नाही.

म्हणून म्हातारी कोणीच होत नाही. मी खऱ्या काटक्यांची मोळी बांधून आणते आणि वर्गाच्या मधोमध टाकते. जड असू द्या, एका मुलाला डोक्यावर घेता येणार नाही इतकी. मुलं दोन रांगांत समोरासमोर, मधे अरुंद वाट, वाटेच्या टोकाला मोळी. एका मुलाने श्याम म्हणून त्या वाटेने हळूहळू चालत जायचं आणि तो शेजारून जाताना दोन्ही रांगांनी त्याच्या मनातलं बोलायचं. एक रांग ‘जा’ म्हणणारी, दुसरी ‘नको’ म्हणणारी. ‘लोक काय म्हणतील?’ ‘आईनेच सांगितलंय.’ ‘तिला पाणी तरी विचार.’ ‘कुणी बघत नाहीये, पटकन उचल.’ हे शेवटचं वाक्य आलं की मी थांबवते. कोणी बघत असतं तर? मग पुन्हा चालायचं, या वेळी दुसऱ्या मुलाने. पाच-सहा जण चालले की मोळी उचलायची. एकट्याला उचलत नाही, दुसऱ्याला हाक मारावी लागते. ही गोष्ट मी कधीच बोलून दाखवत नाही.

प्रश्न येतो तो पुढे, आणि दर वर्षी येतो: ‘मदत करायची तर मग आंघोळ कशाला?’ आईच्या खुर्चीत बसून याचं सारवासारवीचं उत्तर देऊ नका. मी शाल घेऊन एवढंच म्हणते, ‘मला याच गावात राहायचं होतं.’ मुलांना ते पुरत नाही आणि पुरू नयेच. मग शाल काढून सांगते की ज्याने ही गोष्ट लिहिली त्यालाही ती तिथे संपवता आली नाही. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं. मोळी ते मंदिर हा रस्ता फळ्यावर काढायला मुलांना आवडतं. मधली वर्षं मोजायला लावलीत तर गणितही होतं.

शेवटची प्रकरणं, आईचं आजारपण आणि मृत्यू, नाट्यासाठी घेऊ नका. फक्त वाचा, तेही हळू. माझ्या वर्गात एकदा एक मुलगी होती जिची आई आदल्या वर्षी गेली होती आणि ते मला वाचन सुरू झाल्यावर कळलं. त्यात चूक माझीच होती, विचारायला हवं होतं. पुस्तक सुरू करण्याआधी पालकसभेत सांगा आणि प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती माहीत करून घ्या. वाचून झाल्यावर मुलांनी श्यामला पत्र लिहावं. तो तेव्हा शिकायला परगावी होता, आई गेल्यावर घरी पोचला. पत्र वाचून दाखवायची सक्ती नको, घडी घालून डब्यात टाकू द्या.

लाजऱ्या मुलांबद्दल विचारलं आहे. या पद्धतीत समोर उभं राहून एकट्याने काही करायचं नसतंच. सगळे एकदम पुतळे होतात, सगळे एकदम रांगेत बोलतात, बघायला कोणी मोकळं नसतं. तरी बोलत नसेल त्याला पंगतीत भाजीचं पातेलं व्हायला सांगा. पातेल्यालाही मनातलं वाक्य असतं. हसू नका, माझ्याकडची उत्तम वाक्यं पातेल्यांनी दिलेली आहेत. गडबड होणार, शेजारच्या वर्गाला आधी सांगा. थांबवायची खूण एकच ठेवा. मी खंजिरी वापरते, ओरडत नाही. तासिका ३५ मिनिटांची असेल तर वाचन १०, नाट्य १५, उरलेला वेळ बसून बोलणं आणि लिहिणं. ही शेवटची दहा मिनिटं गिळू नका. प्रत्येक वेळी पुस्तकात परत जायचं: आपण जे बोललो त्याला आधार देणारं एक वाक्य शोधा, किंवा त्याच्या विरोधातलं. मुख्याध्यापकांनी विचारलं की भाषेत काय झालं, तर हे वहीतलं पान दाखवा. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, कलेतून शिकण्यावर भर आहे, तेही सांगा. पण वही जास्त पटते.

आता स्नेहसंमेलन. नाटक नकोच, पण काहीच नको असं नाही. गेली काही वर्षं मी रंगमंचाऐवजी शाळेच्या सभागृहात खडूचं घर आखते आणि पालकांना कडेने बसवते. ‘अळणी भाजी’ भाऊंच्या पहिल्या घासापर्यंत एक मुलगी वाचते. मग प्रत्येक पंगतीत दोन मुलं आणि चार मोठी माणसं बसतात, ‘स्टॅच्यू’ होतं, आणि खांद्याला हात लावत फिरायचं काम या वेळी मुलं करतात. आधी सगळे संकोचतात. गेल्या वर्षी एका आजींच्या खांद्याला नातवाने हात लावला, त्या म्हणाल्या, ‘मला मीठ नाही कळलं रे, मी अजून जेवलेच नाही.’ पाट आधी मोजून ठेवा, आमचे तीन कमी पडले होते.